वाचलेला वेळ कुणाच्या खात्यात?

घरी इलेक्ट्रॉनिक्सची खटपट करणाऱ्या माझ्यासारख्यांचा एक लाडका सिद्धांत आहे. तो असा की, हे आता कुणीही करू शकतं. ईएसपी८२६६ चिपचा वायफायवाला बोर्ड बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दोन-अडीचशे रुपयांना मिळतो, रिले त्याहून स्वस्त, सॉफ्टवेअर फुकट आणि शिकवणी यूट्यूबवर. ज्याला पूर्वी प्रयोगशाळा लागायची ते आता जेवणाच्या टेबलावर होतं. तेव्हा ज्याला शिकायचंय तो शिकतो, ज्याला नाही तो रील्स बघत बसतो, आणि पुढे दोघांच्या पगारात जो फरक पडतो तो ज्याचा त्याने कमावलेला. हा सिद्धांत मी ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकतो, छंदवाल्या मित्रांकडून ऐकतो आणि सोसायटीच्या गच्चीवर तर फारच ऐकतो. माझ्या मते तो खोटा आहे. पुरावा लांब शोधायला नको, माझ्याच टेबलावर पडलेला आहे.

धायरीतल्या आमच्या फ्लॅटच्या लहान बेडरूममध्ये हे टेबल आहे. त्यावर एक बिजागऱ्या तुटलेला जुना लॅपटॉप चोवीस तास चालू असतो. त्यावर होम असिस्टंट नावाची मुक्त प्रणाली आहे. घरातले दिवे, गीझर, इन्व्हर्टरची बॅटरी, वरच्या आणि खालच्या टाकीतली पाण्याची पातळी, सगळं त्याला कळतं. गीझर मी हिंजवडीत बसून बंद करू शकतो. मुळात तो चालू ठेवून जावंच का, हा आईचा प्रश्न मी अजून अनुत्तरित ठेवला आहे. बाजूला सोल्डरिंग गन, मल्टीमीटर, वायरींचा गुंता आणि एका जुन्या श्रीखंडाच्या डब्यात जळालेले बोर्ड. या साऱ्या सामानाची बिलं जोडली तर आकडा सात हजारांच्या पुढे जात नाही. इथवर सिद्धांत बरोबर आहे.

आता बिलात न आलेल्या वस्तू मोजू. पहिली वस्तू म्हणजे टेबलच, ज्यावर अर्धवट उघडलेलं यंत्र पुढच्या रविवारपर्यंत तसंच ठेवता येतं. एका खोलीत पाच माणसं झोपत असतील तर हे शक्य नसतं, तिथे रात्री टेबलाची जागा अंथरुणाला लागते. दुसरी म्हणजे श्रीखंडाचा डबा. पाच बोर्ड जळाले तर माझ्या घरातल्या दुधाच्या हिशेबात फरक पडत नाही. शिकणं म्हणजे मुख्यतः जाळणं, आणि जाळण्याची ऐपत लागते. तिसरी वस्तू, रोज सहा तास झोप झाल्यावर उरणारं डोकं. आणि चौथी, बाकी सगळ्यांहून महाग, शनिवार-रविवार. या दोन दिवसांत कुणी फोन करून बोलावत नाही आणि काम केलं नाही म्हणून महिन्याचा पगार कमी होत नाही. ‘कुणीही करू शकतं’ या वाक्यातला ‘कुणीही’ म्हणजे ज्याच्याकडे या चार गोष्टी आधीच आहेत तो.

रविवार ही निसर्गात सापडणारी वस्तू नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत कामगार सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत होते, आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी त्यांना नव्हती. मांडवीच्या कापडगिरणीत स्टोअरकीपर असलेले, सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या वाचल्या तर आज लाज वाटावी इतक्या साध्या आहेत: आठवड्यात एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. मालकांनी सहा वर्षं दाद दिली नाही. शेवटी १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला ओहमचा नियम, किर्चॉफचे नियम आणि टॉरव्हाल्ड्सचं चरित्र शिकवलं गेलं. लोखंड्यांचं नाव एकाही विषयात आलं नाही. ज्या दिवशी मी हे सारं वापरतो तो दिवस ज्याने मिळवला, त्याचं नाव अभ्यासक्रमाबाहेर. सुट्टीच्या दिवशी जे सुचतं त्याला आपण प्रतिभा म्हणतो, सुट्टीला मात्र गृहीत धरतो.

माझ्या घरी या सिद्धांताची आणखी एक परीक्षा झालेली आहे. माझे वडील इंदापूर तालुक्यात मोटारी भरतात. म्हणजे जळालेल्या पंपाच्या मोटारीचं वाइंडिंग काढून नवं घालतात. मोटार उघडायची, जळकी तार छिन्नीने तोडून उपसायची, खाचा मोजायच्या, आधीच्या कारागिराने किती वेढे कोणत्या जाडीच्या तारेचे दिले होते ते मोजून वहीत लिहायचं, इन्सुलेशनचा कागद कापून खाचांत बसवायचा, कॉइल भरायच्या, जोड बांधायचे, वार्निश ओतून वाळवायचं. अण्णांचं शिक्षण आयटीआयचं. पण मोटारीचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय की एक फेज कमी येतोय हे ते सांगतात, आणि मी माझ्या डिग्रीसकट आजही हे सांगू शकत नाही. चाळीस वर्षं झाली. त्यांनी वेढ्यांच्या हिशेबाच्या ज्या वह्या भरल्या आहेत त्या इंग्रजीत आणि इंटरनेटवर असत्या, तर जगभरच्या छंदवाल्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं असतं.

अण्णांच्या कामाला कुणी कधी ‘इनोव्हेशन’ म्हटलं नाही. मी एक दिवा मोबाईलवरून लावला तर नात्यातले चार जण ‘पोराचं डोकं चालतं’ म्हणाले. अण्णांचं डोकं चालत नव्हतं का? चालत होतं, पण ते शेतकऱ्याच्या घाईवर चालत होतं. उसाला पाणी द्यायचंय, पाळी चुकली तर आठवडा जातो, मोटार उद्या सकाळी हवी. त्या घाईत नवं काही करून बघायला जागाच नसते. करून बघितलं आणि मोटार पुन्हा जळली तर तार पदरची जाते. पुण्यात कसब्यातली तांबट आळी पेशवाईपासून तांबं ठोकते आहे. तिथल्या माणसाने भांड्याचा नवा आकार काढला तर तो ‘कारागीर’. कोथरूडचा एखादा मुलगा सुट्टीत तांबं ठोकायला शिकला तर तो ‘मेकर’, त्याची कार्यशाळा, तिला फी. हात तोच, हातोडाही तोच. फरक जातीचा आहे, जागेचा आहे आणि रिकाम्या वेळेचा आहे, आणि ही तिन्ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकाच गाठोड्यात बांधून पुढे सरकवली गेली आहेत.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, हा यंत्रांच्या विरोधात आहे. मुळीच नाही. यंत्राने काय होऊ शकतं हे मी शेतात पाहिलंय.

शेतीच्या पंपांना वीज ठरावीक तासच मिळते, आणि ती एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री अशी पाळीने येते. रात्रीच्या आठवड्यात शेतकऱ्याने बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, स्टार्टरचं बटण दाबायचं, वीज गेली की परत यायचं, आली की पुन्हा जायचं. वाटेत साप, आणि जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात बिबट्या. यावर लोकांनी स्वतःच काढलेला उपाय म्हणजे ‘ऑटो’. स्टार्टरवर बसवायची एक पेटी, वीज आली की मोटार आपोआप चालू. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय की ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. कारण वीज आल्याबरोबर एका डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि ट्रान्सफॉर्मर बसतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ हे मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारं उपकरण याच दुखण्यातून आलं. आजोबांना पंपासाठी शेतात पायपीट करताना पाहून ही कल्पना सुचल्याचं त्यांनी सांगितलं आहे. २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत ते पहिलं आलं.

मी स्वतः चुलत्यांच्या विहिरीवर असंच एक बसवलं आहे. आमच्या स्टार्टरच्या बाजूला ईएसपी३२चा बोर्ड, तिन्ही फेज आहेत का ते बघणारं सर्किट, विहिरीत पाणी संपलं तर मोटार बंद करणारा फ्लोट आणि एक रिले. रिले थेट मोटार ओढत नाही, ओढायला गेला तर चिकटून बसतो. तो फक्त काँटॅक्टरच्या कॉइलला वीज देतो, पुढचं काँटॅक्टर बघतो. प्रोग्रॅममध्ये मी एक ओळ मुद्दाम घातली आहे: वीज आल्यावर लगेच सुरू व्हायचं नाही, पाच ते पंधरा मिनिटांत कधीतरी सुरू व्हायचं, दर वेळी वेगळ्या मिनिटाला. सगळ्यांच्या पेट्यांत ही ओळ असती तर डीपीचा अर्धा प्रश्न सुटला असता. असो. मुद्दा हा की त्या रिलेने रात्रीचे दोन-तीन तास वाचवले आणि ते चुलत्यांना मिळाले. ते झोपले. त्यांच्या उसाचा भाव कमी झाला नाही, कुणी येऊन ‘आता तुम्ही रात्री जागत नाही, तेव्हा बिलातले एवढे कापतो’ म्हणालं नाही. यंत्र त्यांचं, पाणी त्यांचं, म्हणून वाचलेला वेळही त्यांचा.

तोच रिले आता धायरीत आणून बसवू.

आमच्या सोसायटीत ४८ फ्लॅट आहेत. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळी येतं, उरलेलं टँकरचं. खालच्या टाकीतून वरच्या टाक्यांत पाणी चढवायला पाच एचपीचा पंप. हे सगळं एक काका बघायचे. सकाळी साडेपाचला व्हॉल्व्ह सोडायचा, पंप लावायचा, टाकी भरली की बंद करायचा, टँकर आला की पाइप लावून उभं राहायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. महिन्याला सात हजार रुपये. शिवाय एजन्सीचे दोन वॉचमन, बारा तास दिवसा एक, बारा तास रात्री एक. दोन वर्षांपूर्वी मला कमिटीने बोलावलं. “तू ते सगळं घरी करतोस म्हणे, मग सोसायटीचा पंप ऑटोमॅटिक करून दे की. सामानाचे पैसे देऊ.” मला आनंदच झाला. वरच्या टाकीपर्यंत वायफाय पोचत नाही, म्हणून लोरा रेडिओ वापरावा लागेल, त्याची आकृतीसुद्धा मी काढली. मग सहज विचारलं, काकांचं काय? सेक्रेटरी म्हणाले, “मग त्यांची गरजच काय? तेच तर वाचवायचंय.”

मी म्हटलं, त्यांचे सात हजार तसेच ठेवा. काम चार तासांचं एक तासावर येईल, टँकर आणि व्हॉल्व्ह ते बघतील, उरलेले तीन तास त्यांचे. सोसायटीला पाणी वेळेवर मिळेल, पंप कोरडा चालून जळणार नाही, टाकी वाहून जाणार नाही. एवढा फायदा पुरे नाही का? यावर एक गृहस्थ इतके मनापासून हसले की त्यांना ठसका लागला. काम न करता पगार? मी म्हणालो, मग मी करून देणार नाही. ‘तत्त्ववेत्ता’ अशी पदवी त्या दिवशी मिळाली, ती अजून व्हॉट्सॲप ग्रुपवर चालू आहे.

माझ्या नकाराने काहीही अडलं नाही हेही सांगितलं पाहिजे. तयार कंट्रोलर बाजारात काही हजारांत मिळतो. पंधरा दिवसांत तो भिंतीवर बसला. काकांना महिनाअखेरीस सांगितलं गेलं. ते आता नऱ्ह्यात एका बांधकामावर रात्रपाळीला असतात, बारा तासांच्या. आणि टँकर? टँकर रात्री अकरालाही येतो. त्याचा पाइप सेन्सर लावत नाही. तो रात्रीचा वॉचमन लावतो, गेट सोडून, त्याच पगारात. म्हणजे काकांचं काम संपलं असं म्हणणं अर्धंच खरं. त्याचा एक तुकडा यंत्राने घेतला, दुसरा तुकडा फुकट दुसऱ्याच्या अंगावर टाकला गेला, आणि सात हजार भागिले ४८, म्हणजे फ्लॅटमागे १४६ रुपये, आमच्या मेंटेनन्समधून वजा झाले. ऑटोमेशनने कार्यक्षमता वाढते असं आपण शिकतो. वाढली. महिन्याला १४६ रुपयांची.

शेतातला रिले आणि सोसायटीतला रिले यांच्यात सर्किटचा काहीही फरक नाही. फरक आहे तो वाचलेले तास कुणाच्या खात्यात जमा होतात याचा. आणि हा प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही पुस्तकात सुटत नाही, कारण तो मालकीचा आणि कायद्याचा आहे.

आम्ही आयटीवाले हा प्रश्न आपला समजत नाही. काका म्हणजे ‘अनस्किल्ड’, आपण ‘स्किल्ड’. पण आपल्या खात्यात तरी काय जमा होतंय? गेल्या दोन वर्षांत माझ्या टीममध्ये एआयची साधनं आली. ज्या कामाला तीन दिवस लागायचे ते कधीकधी एका दिवसात होतं. उरलेले दोन दिवस कुणाला मिळाले? मला तर नाही. स्प्रिंटमध्ये तिप्पट कामं भरली गेली आणि टीममधल्या दोन जागा ‘सध्या भरायच्या नाहीत’ असं ठरलं. देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीने, टीसीएसने, २०२५ च्या जुलैमध्ये बारा हजारांहून जास्त माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या टोकाला, कॉलेजातून निघालेल्या पोराला मोठ्या आयटी कंपन्या वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात, आणि हा आकडा दहा-बारा वर्षांत जवळपास हललेला नाही. या काळात धायरीतल्या फ्लॅटचं काय झालं, ते हप्ते भरणाऱ्यांना विचारा.

आणि माझा छंद तरी माझा आहे का? माझ्या नोकरीच्या करारात एक कलम आहे: नोकरीच्या काळात, कामाच्या वेळेत वा वेळेबाहेर, मी जे काही कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित बनवीन ते कंपनीचं. ‘व्यवसायाशी संबंधित’ म्हणजे काय हे कंपनी ठरवणार. हीच मंडळी वर्षातून एकदा हॅकेथॉन भरवतात, म्हणजे शनिवार-रविवार ऑफिसात येऊन फुकट काम करण्याचा उत्सव. पिझ्झा आणि टी-शर्ट मिळतो. २०२२ मध्ये विप्रोच्या रिषद प्रेमजींनी मूनलायटिंगला सरळ सरळ फसवणूक म्हटलं आणि तीनशे जणांना काढल्याचं सांगितलं. एकाच वेळी दोन स्पर्धक कंपन्यांची नोकरी करू नये हे मला मान्य आहे. मला गंमत वाटते ती याची, की एक माणूस दहा कंपन्यांच्या संचालक मंडळावर बसला तर तो अनुभवी ठरतो.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सांगितलं. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले आणि रविवारी तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याची खंतही त्यांनी व्यक्त केली. २०२३-२४ या वर्षाचं त्यांचं वेतन सुमारे ५१ कोटी होतं, कंपनीतल्या मधल्या कर्मचाऱ्याच्या ५०० पटींहून जास्त. हे विनोद म्हणून सोडून देता आलं असतं. पण २०२५ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुकानं आणि आस्थापनांसाठी दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १०, आणि कारखान्यांसाठी ९ वरून १२ करायला मंजुरी दिली. लोखंड्यांच्या राज्यात १३५ वर्षांनी काटा उलटा फिरतोय, आणि आम्ही इंजिनिअर त्या आठवड्यात नव्या मॉडेलच्या गतीवर चर्चा करत होतो.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे ‘स्किल वाढवा’. काकांनीही काहीतरी शिकायला हवं होतं. कधी? सकाळी साडेपाच आणि संध्याकाळच्या मध्ये ते आणखी दोन घरांच्या गाड्या पुसत होते. आता बारा तासांची पाळी, जाण्यायेण्याचा दीड तास. उरलेल्या वेळात त्यांनी पायथॉन शिकावं अशी आपली अपेक्षा आहे, आणि ते शिकले नाहीत म्हणून त्यांना सात हजार, हा आपला न्याय. मी तीन तास त्यांच्या खात्यात जमा करा म्हणत होतो ते याचसाठी. त्या तीन तासांत ते शिकले असते किंवा झोपले असते, मला दोन्ही चालतं. मी रविवारी झोपतो तेव्हा मला कुणी स्किलचं विचारत नाही.

मग करायचं काय? इथे माझ्या व्यवसायातली माणसं लगेच ॲप काढतात. मला वाटतं, आपल्या राज्यात या प्रश्नाचं एक उत्तम डिझाइन पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी झालेलं आहे, आणि ते कुठल्याही चिपपेक्षा हुशार आहे. १९६९ चा माथाडी कायदा. अडचण ही होती की हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या. त्याचा मालक कोण, हेच ठरत नव्हतं, म्हणून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस काहीच नाही. उपाय असा काढला गेला की मालक ठरवायची गरजच ठेवली नाही. मध्ये मंडळ उभं केलं. ज्याच्याकडे काम होईल त्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. मंडळ हमालाला मजुरी देणार आणि लेव्हीतून बाकीचं सगळं. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात हमाल पंचायतीचे बाबा आढाव, अशा लोकांनी ते लढून मिळवलं आणि चालवून दाखवलं. प्रणालीची रचना म्हणून बघा: विखुरलेले हजारो वापरकर्ते, बदलते जोड, तरी एकाचाही हिशेब हरवत नाही. आम्ही याला ‘डीकपलिंग’ म्हणतो आणि त्याचे लाखो रुपये घेतो.

डिलिव्हरीच्या पोरांबाबत आज नेमकी तीच अडचण आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी जे कायदे केले, त्यांत प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क आणि मंडळ ही माथाडीचीच कल्पना आहे. ज्या राज्यात ती जन्मली तिथे आपण कामाचे तास वाढवतोय. सुरक्षा रक्षकांसाठीही १९८१ चा कायदा आणि मंडळं आहेत. सोसायट्या ती टाळून एजन्सीकडे जातात, कारण एजन्सी बारा तासांचा माणूस देते. आणि पुण्यात ‘स्वच्छ’ आहे, कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था, जिने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. तिथे एखाद्या ताईला उद्या विजेवरची ढकलगाडी मिळाली, तर वाचलेला वेळ कुणाचा हे ती आणि तिच्या मैत्रिणी सभेत ठरवू शकतात. आमच्या काकांसाठी अशी सभाच नव्हती. जी होती तिचे सभासद आम्ही होतो.

एक अडचण मात्र खरी आहे. मंडळ आणि लेव्ही या गोष्टी संघटनेशिवाय येत नाहीत, आणि आयटीतल्या पोरांना संघटना हा शब्द ऐकला की गिरण्यांचा संप आणि बंद पडलेली धुराडी आठवतात. पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांच्या एक-दोन संघटना आहेत, कामगार आयुक्तांकडे तक्रारी नेतात. माझ्या टीममध्ये चौदा जण आहेत, सभासद मी धरून दोन. बाकीच्यांना भीती आहे असं म्हणणं सोपं आहे. खरं कारण वेगळं वाटतं: प्रत्येकाला वाटतं की तो यंत्र बसवणाऱ्यांपैकी आहे, यंत्राच्या जागी असलेल्यांपैकी नव्हे.

सोसायटीपुरतं मी एक करून पाहिलं. गेल्या वार्षिक सभेत ठराव मांडला: दोनऐवजी तीन वॉचमन, आठ-आठ तासांच्या पाळ्या, पगार आताच्या माणसांचा कमी करायचा नाही. तिसऱ्या माणसाचा खर्च महिना पंधरा हजार धरला तर फ्लॅटमागे ३१३ रुपये. त्यातले १४६ आपण काकांकडून आधीच घेतलेले आहेत, तेव्हा खिशातून नवे १६७. आकडेवारीचा तक्ता प्रोजेक्टरवर दाखवला. आकड्यांवर कुणी आक्षेप घेतला नाही. एक निवृत्त साहेब, माणूस वाईट नाही, लॉकडाउनमध्ये त्यांनी वॉचमनना दोन महिने जेवण दिलं होतं, ते शांतपणे म्हणाले, “आपण आठ तास केले तर शेजारच्या सोसायटीतले वॉचमनपण मागतील.” मी म्हटलं, “हो, मागतील.” सभागृहात एकदम शांतता झाली. मतदान झालं, २९ जण हजर होते, बाजूने पाच.

यंदाची सभा सप्टेंबरात आहे. ठराव तोच दिला आहे, फक्त या वेळी टँकरचा पाइप लावण्याचं काम कुणाचं आणि त्याचे पैसे किती, हे कलम वाढवलंय. सह्या सध्या अकरा आहेत. त्यातली एक त्या साहेबांच्या पत्नीची आहे.